पेशी किती कडक आहे, हे प्रकाशाने कसं मोजतात?

आजचा प्रश्न: रक्तातली एक पेशी धरून ताणायची, तर चिमटा कुठला आणायचा? उत्तर आहे, लेझरचा!

पण ताणायचीच कशाला? आपली तांबडी पेशी साधारण 8 मायक्रोमीटर रुंद असते. काही केशवाहिन्या त्याहून अरुंद, प्लीहेतल्या फटी तर आणखी बारीक. पेशी चेपून, दुमडून पलीकडे जाते आणि परत मूळ आकारात येते. सुमारे 120 दिवस हेच चालतं. ती कडक झाली की मात्र अडकते. फाल्सिपॅरम मलेरियात असं होतं, सिकलसेलमध्येही. गडचिरोली-नंदुरबारकडे त्या दुखण्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

आता चिमटा. 1986 मध्ये बेल लॅब्समध्ये आर्थर अ‍ॅशकिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भिंगातून लेझर एका बिंदूवर आणला तर बारीक पारदर्शक मणी तिथेच पकडला जातो. मण्यातून जाताना प्रकाश वळतो आणि त्याचा उलट धक्का मण्याला बसतो. हिरव्या लेझरने जिवाणू मरायचे, म्हणून पुढे इन्फ्रारेड वापरला. 2018 मध्ये अ‍ॅशकिनना नोबेल मिळालं, वयाच्या 96 व्या वर्षी!

मोजायचं कसं? पेशीच्या दोन टोकांना दोन मणी चिकटवायचे. एक काचेला पक्का, दुसरा लेझरच्या पकडीत. काच सरकवली की पेशी ताणली जाते आणि पकडलेला मणी केंद्रापासून थोडा हटतो. ही पकड स्प्रिंगसारखी वागते. म्हणजे मणी किती हटला त्यावरून बल कळतं, आणि पेशी किती लांबली ते कॅमेऱ्यात दिसतं. बल असतं पिकोन्यूटनमध्ये. एक पिकोन्यूटन म्हणजे जवळपास एका तांबड्या पेशीचं वजन!

पण स्प्रिंग किती ताठ, हे कसं कळणार? पाण्याचे रेणू मण्याला सतत हलवत असतात. पकड घट्ट असेल तर मणी कमी थरथरतो. तापमान माहीत असलं की थरथरीवरून ताठपणा काढता येतो. मी ऑफिसात डेटामधला नॉइज काढून टाकतो, इथे नॉइज हीच मोजपट्टी. मला हा भाग सगळ्यात भारी वाटला.

2005 मध्ये एमआयटीच्या सुब्रा सुरेश यांच्या गटाने अशाच पद्धतीने दाखवलं, की परजीवी वाढत जातो तशी पेशी निरोगी पेशीच्या दहापटीहूनही कडक होऊ शकते.

अर्थात, एकेक पेशी ताणणं वेळखाऊ आहे. ताप आला तर रक्ताची साधी तपासणीच करायची. पण पेशी नेमकी का अडकते, त्याचा आकडा या चिमट्याने दिला.