किडीवरील बुरशी आणि फवारणाऱ्याचा जीव

जव्हार-मोखाड्याच्या पावसाळ्यात भिंतींपासून कपड्यांपर्यंत सर्वत्र बुरशी धरते. बुरशी म्हणजे नासाडी, हाच आपला अनुभव. परंतु काही बुरशी कीटकांवर वाढून त्यांना मारतात आणि त्यांपासून आज कीडनाशके तयार होतात. आपले अनेक माजी विद्यार्थी व पालक शेती करतात, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

याचा इतिहास उद्बोधक आहे. इटलीत रेशमाचे किडे पांढरे पडून मरत. हा रोग बुरशीमुळे पसरतो, हे अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये सिद्ध केले. त्यांच्याच नावावरून ती बुरशी आज ‘ब्युव्हेरिया बॅसियाना’ म्हणून ओळखली जाते. पुढे १८७९ मध्ये ओडेसा येथे एली मेचनिकॉव्ह यांनी गव्हावरील भुंगेऱ्यांना मारणाऱ्या हिरव्या बुरशीचा अभ्यास केला. तीच आजची ‘मेटारायझियम’.

या बुरशीचे बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतात, ओलाव्यात रुजतात, कातडी भेदून आत शिरतात व तेथेच वाढतात. साधारणतः तीन ते दहा दिवसांत कीड मरते. दमट हवेत मृत किडीवर नवे बीजाणू येऊन प्रसार होतो. उसातील हुमणीसाठी मेटारायझियम शेणखतातून जमिनीत देतात. भातावरील तपकिरी तुडतुड्यांसाठी मेटारायझियम, तर पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी ब्युव्हेरिया वापरतात. विशेष म्हणजे, ही बुरशी तांदळासारख्या धान्यावरच वाढवता येते.

प्रश्न केवळ पिकाचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. शेत कोणाचेही असो, पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो. म्हणून कमी विषारी पर्यायाचे मोल त्याला सर्वाधिक आहे.

मात्र हा चमत्कार नव्हे. बीजाणू सजीव आहेत. कडक उन्हाने ते मरतात, म्हणून फवारणी सायंकाळी व जमिनीत ओल असताना करावी. बुरशीनाशकात ते मिसळू नयेत. पाकिटावर १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये मिळालेला नोंदणी क्रमांक व वापराची मुदत पाहूनच खरेदी करावी. पाकीट थंड जागी, सावलीत ठेवावे. रेशीमकिड्यांच्या आसपास फवारणी टाळावी. फवारताना नाक-तोंड झाकणे येथेही आवश्यकच आहे.

प्रथम एकाच खाचरात वापर करावा, शेजारच्या खाचराशी तुलना करावी, नोंद ठेवावी आणि मगच निर्णय घ्यावा. वहीत नोंद ठेवण्याची शाळेतील सवय शेतातही उपयोगी पडते.