मालिकेतली सही आणि घरातला प्रेक्षक

कौटुंबिक मालिकांमध्ये एक प्रसंग ठरलेला असतो. घरातील कोणी तरी, बहुधा धाकट्या जावेचा भाऊ, कागदांचा गठ्ठा घेऊन येतो. कर्ता पुरुष घाईत असतो, थोरली सून पूजेच्या तयारीत असते. ‘फक्त येथे सही करा’ असे म्हटले जाते, सही होते, पार्श्वसंगीत तीन वेळा कडाडते आणि भाग संपतो. दुसऱ्या दिवशी बंगला, कारखाना आणि बँकेतील शिल्लक सारेच परक्याचे झालेले असते.

व्यापारी घरातील ज्येष्ठ प्रेक्षक या प्रसंगाला हसतो, आणि त्याचे हसणे सकारण आहे. स्थावर मिळकत कोणाला द्यायची तर दस्त करावा लागतो, त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, साक्षीदार लागतात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतः जाऊन छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. ज्याने एक गाळा विकत घेताना या कार्यालयाच्या बाकावर अर्धा दिवस काढला आहे, त्याला दिवाणखान्यातील एका सहीने कारखाना गेलेला पाहून करमणूक होणारच.

मात्र त्याच खोलीत बसलेल्या सुनेला हसू येत नाही. तिने स्वतः अशा सह्या केलेल्या असतात. पेढीच्या कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा वाढवायची असते, बँक घरातील स्त्रियांची हमी मागते, आणि पेन्सिलीने फुली मारलेल्या दहा-बारा ठिकाणी ती सह्या करते. कागदात काय आहे हे कोणी तिला सांगत नाही आणि तीही विचारत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पेढी अडचणीत आली की बँकेची नोटीस ज्या नावांवर येते, त्यांत तिचेही नाव असते. मालिकेतील प्रसंगात कायदा चुकलेला असतो, पण न वाचता केलेल्या सहीची भीती चुकलेली नसते. तेव्हा सासऱ्यांचे हसणे आणि सुनेचे गप्प राहणे, दोन्ही प्रतिक्रिया आपापल्या जागी बरोबर आहेत.

अशा मालिकांची लाट ३ जुलै २००० रोजी ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली तेव्हा उसळली. योगायोग असा की ‘कौन बनेगा करोडपती’ही त्याच दिवशी, त्याच वाहिनीवर सुरू झाले. विराणी हे गुजराती उद्योजक कुटुंब घराघरांत पोहोचले. मिहिर या पात्राचा मृत्यू दाखवला तेव्हा प्रेक्षकांत एवढी खळबळ उडाली की त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. त्या दिवसांत हळहळणाऱ्या व्यापारी घरांतही एक प्रश्न बहुधा कोणाला सुचला नसावा. एखाद्या पेढीतील भागीदार असा अकस्मात गेला, आणि भागीदारी पत्रात वेगळी तरतूद नसली, तर १९३२ च्या कायद्यानुसार पेढीच विसर्जित होते. मालिकेत सासू-सुनांचे रुसवेफुगवे शेकडो भाग चालतात. पेढीवर माल कोठून येतो, उधारी किती दिवसांची, वसुलीला कोण जातो, यासाठी मात्र वेळ उरत नाही.

दुकान खरोखर उघडे असलेले दिसते ते ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मध्ये. २००८ पासून चाललेल्या या मालिकेचा पाया तारक मेहता यांचे ‘चित्रलेखा’तील गुजराती सदर. जेठालालचे विजेच्या उपकरणांचे दुकान, त्याची कोठल्या तरी पार्टीकडे अडकलेली रक्कम, पगारवाढीची आठवण करून देणारे नट्टू काका आणि साऱ्या सोसायटीत फक्त वडिलांना घाबरणारा हा मध्यमवयीन दुकानदार. यात अतिशयोक्ती भरपूर आहे, तरी व्यापारी प्रेक्षकाला ती आपल्या गल्लीतील वाटते. मोठी ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात आगाऊ रक्कम घ्यायची राहून जाणे हा विनोद ज्याच्यावर बेतला आहे, तो त्याला जरा बेतानेच हसतो.

मराठी वाहिन्यांवर ‘होणार सून मी ह्या घरची’ची नायिका जान्हवी बँकेत नोकरी करणारी होती आणि नायक श्री गृहउद्योगाचा मालक. तेथे व्यवसाय हा प्रेमकथेचा पडदा होता, त्याहून अधिक काही नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिकाने मसाल्यांचा धंदा उभा केला, तेव्हा व्यापारी घरांतील स्त्रियांनी ते कौतुकाने पाहिले. घरात बसून मसाले, पापड, खाखरा करून विकणाऱ्या कितीतरी जणी त्यांच्याच नात्यात होत्या. पण धंदा पाहता पाहता कोटींच्या घरात गेला, आणि त्या वेगाने पहिले कौतुक थोडे ओसरले. मिरचीचा भाव हंगामात किती चढतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मधला हिशेब हवा असतो.

हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत खरी वाटणारी कथा याहून बरीच जुनी आहे. शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘मालगुडी डेज’मध्ये आर. के. नारायण यांच्या ‘द व्हेंडर ऑफ स्वीट्स’ या कादंबरीवरील भाग होते. मिठाईवाल्या जगनची भूमिका अनंत नाग यांनी केली होती. आजची चाळिशी-पन्नाशीतील पिढी ते भाग लहानपणी पाहत होती आणि मिठाईचीच आठवण घेऊन मोठी झाली. आता पुन्हा पाहताना, आणि पाहून झाल्यावर मूळ कादंबरी वाचताना, तोच प्रेक्षक दचकतो.

जगन गांधीजींचा अनुयायी आहे, चरख्यावर सूत काढतो, गीता वाचतो. दुकानात शुद्ध तूपच वापरायचे हा त्याचा नेम आहे. कादंबरीत त्याच्या गल्ल्याचे दोन भाग आहेत. सायंकाळी सहापर्यंतची विक्री वहीत जाते. त्यानंतरची रक्कम वेगळ्या भांड्यात पडते आणि तिच्यावर कोणाचा कर नाही, कोणाचा हक्क नाही, असे तो स्वतःला समजावतो. ती रोकड घराच्या माळ्यावर लपवलेली असते. मुलगा माली शिक्षण सोडून अमेरिकेस जायचे ठरवतो, तेव्हा भाड्याचे पैसे तो त्याच माळ्यावरून उचलतो. जगनला चोरी कळते. पण वहीत नसलेल्या पैशाची चोरी सांगायची कोणाला? त्याला राग येतो, आणि मुलाने एवढे धाडस केले याचा छुपा अभिमानही वाटतो.

माली परत येतो तो कथा लिहिणारे यंत्र बनवण्याची योजना घेऊन. कारखाना काढायचा आहे, परदेशी सहकार्य आहे, भांडवल वडिलांनी द्यायचे. यंत्र कोण विकत घेणार, किती दराने, पैसे किती वर्षांत परत येतील, यांपैकी काहीही जगन विचारत नाही. तो होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मुलाचा तगादा वाढतो तसा तो एक दिवस मिठाईचे भावच एकदम उतरवतो. बाजारातील इतर मिठाईवाले घाबरून त्याला समजावण्यास येतात. एक वृद्ध व्यापारी मुलाशी बोलू शकत नाही म्हणून आपला धंदा मोडीत काढायला निघतो, ही यातली वेदना. मुलाचे पैसे मागणे आणि बापाचे उत्तर टाळणे ज्या घरांत घडून गेले आहे, तेथे हे भाग शांतपणे पाहिले जात नाहीत. मधेच कोणी तरी उठून पाणी पिण्यास जातो.

नव्या पिढीचे लक्ष मात्र एका वेगळ्या मालिकेने वेधले. ‘स्कॅम १९९२’ ऑक्टोबर २०२० मध्ये आली. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारलेली, हंसल मेहता दिग्दर्शित दहा भागांची ही मालिका टाळेबंदीच्या वर्षात घरातील तीन पिढ्यांनी पाहिली. कोणी एकत्र, कोणी मोबाइलवर एकट्याने. प्रतीक गांधी यांचा हर्षद मेहता तरुणांना नायक वाटला. जोखमीवरचा त्याचा संवाद कित्येकांच्या मोबाइलच्या स्टेटसवर झळकला. त्याच वर्षी नवी डीमॅट खाती उघडण्याची रीघ लागली होती, हेही विसरता येत नाही.

ज्येष्ठ प्रेक्षकाने तीच मालिका एका कागदासाठी पाहिली. तो कागद म्हणजे बँक रिसीट. एका बँकेने दुसरीला सरकारी रोखे विकले, पण रोखे हाती द्यायला वेळ लागणार असेल, तर विकणारी बँक पावती देई: ‘तुमचे रोखे आमच्याकडे आहेत, आले की देऊ.’ रोखे दिले की पावती परत यायची. व्यवस्था सोयीची होती आणि सारे विश्वासावर चाले. मध्ये दलाल आला. धनादेश त्याच्या खात्यात जमा होऊ लागले, आणि काही लहान बँकांनी तर रोखे जवळ नसताना पावत्या दिल्या. त्यांत बँक ऑफ कराडचे नाव होते. पश्चिम महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांना हे नाव परके नव्हते. या रिकाम्या पावत्यांवर उचललेला पैसा शेअर बाजारात गेला आणि एसीसीचा शेअर दोनशेच्या आसपासहून नऊ हजारांपर्यंत चढला. २३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांची बातमी आली. जानकीरामन समितीने बँकांचा उघडा पडलेला आकडा सुमारे ४,००० कोटी रुपये काढला.

मालिकेचे श्रेय असे की एवढी किचकट गोष्ट तिने सामान्य प्रेक्षकाला समजेल इतकी सोपी केली. तिचा दोष, असल्यास, तो असा की वैभवाची दृश्ये इतकी देखणी झाली की पावतीमागे रोखे नव्हते ही बाब अनेकांच्या स्मरणातून निसटते. हुंडी, चिठ्ठी आणि शब्द यांवर ज्या घरांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्यांना या मालिकेतील अटकेपेक्षा ती पावती अधिक अस्वस्थ करते. हुंडी लिहिणाऱ्याकडे रक्कम असते, निदान देण्याची पत असते. येथे दोन्ही नव्हते, फक्त शिक्का होता.

आता अनेक घरांत जेवणानंतरचा गप्पांचा विषय असतो ‘शार्क टँक इंडिया’. मूळ कल्पना जपानी. तिची अमेरिकी आवृत्ती २००९ ची आणि आपली २० डिसेंबर २०२१ पासूनची. नवउद्योजक येतो, पाच जणांपुढे आपला माल दाखवतो, रक्कम आणि तिच्या बदल्यात कंपनीतला हिस्सा सांगतो. दहा टक्क्यांना पन्नास लाख मागितले की कंपनीची किंमत पाच कोटी धरली, हे गणित दहावीतील नातूही आता तोंडी करतो. आजोबांना हा ‘वाटा’ ओळखीचा वाटतो, पण तो पूर्णपणे भागीदारीचा वाटा नव्हे. भागीदार पेढीच्या देण्याला स्वतःच्या घरादारासह बांधलेला असतो. कंपनीच्या भागधारकाचे नुकसान, एरवी, गुंतवलेल्या रकमेपुरते. दोन पिढ्या एकच शब्द वापरून वेगळ्या गोष्टी बोलत असतात, आणि सोफ्यावरचे बरेच वाद तेथूनच निघतात.

पहिल्या पर्वातील मालेगावकडील एका तरुण शेतकऱ्याच्या भागाने असाच वाद पेटवला. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन विषारी औषध अंगावर येते, म्हणून त्याने सायकलसारखी ढकलायची गाडी बनवली होती. पीयूष बन्सल यांनी त्याला ४० टक्के हिश्शासाठी १० लाख आणि त्याखेरीज २० लाख बिनव्याजी कर्ज देऊ केले. कित्येकांचे डोळे पाणावले. त्यानंतर हिशेब सुरू झाला. आजोबा म्हणणार, दहा लाखांत चाळीस टक्के, म्हणजे साऱ्या धंद्याची किंमत पंचवीस लाख. पोरगा लुटला गेला. नातू म्हणणार, वीस लाखांवर बारा टक्के धरले तरी वर्षाला दोन लाख चाळीस हजार व्याज वाचले, आणि तारण काहीच नाही. आजोबा विचारणार, बिनव्याजी पैसा देणारा फक्त पैसाच देतो का? नातू म्हणणार, हाच तर मुद्दा आहे, तो बाजारपेठही देतो. दोघांचेही गणित बरोबर असते आणि वाद मिटत नाही. याच नातवाने उद्या दुकानासाठी भांडवल मागितले, तर आजोबा हेच प्रश्न त्याला विचारतील का, हा विचार त्या रात्री मुलाच्या आईच्या मनात येऊन जातो. बहुतेक घरांत बाहेरच्या पाच जणांसाठी आकडे पाठ केले जातात आणि वडिलांपुढे फक्त ‘पैसे लागतील’ एवढेच म्हटले जाते.

या कार्यक्रमात हस्तांदोलन झाले, टाळ्या पडल्या, म्हणजे रक्कम मिळाली असे मात्र नसते. त्यानंतर वह्या तपासल्या जातात, करारनामे होतात, देणी-घेणी पाहिली जातात आणि काही सौदे तेथेच मोडतात. हे तपासणीचे आठवडे पडद्यावर येत नाहीत. आले तर वाहिनीचा प्रेक्षक कदाचित घटेल. आजोबा मात्र चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढतील.