विमानतळ ते महानगर : सार्वजनिक वाहतुकीचा जोडमार्ग

नागपूरहून निघालेले विमान सुमारे दीड तासात मुंबईस पोहोचते. त्यानंतर सहार येथील विमानतळापासून मंत्रालयापर्यंत मोटारीने जावयाचे झाल्यास गर्दीच्या वेळी जवळजवळ तेवढाच अवधी लागतो, असा अनेकांचा अनुभव आहे. आकाशात वाचविलेला वेळ रस्त्यावर गमावला जातो. त्याचा भुर्दंड प्रवाशाला तर पडतोच, पण महानगरातील रस्त्यांवरील ताणही वाढतो. म्हणूनच विमानतळ आणि शहराचा मध्यवर्ती भाग यांना सार्वजनिक वाहनाने जोडणे हा आधुनिक नगररचनेतील एक महत्त्वाचा विषय मानला जातो.

मुंबई विमानतळावरून वर्षाकाठी ५ कोटींहून अधिक प्रवासी ये-जा करतात. यातील बहुतेकांनी टॅक्सी अथवा खाजगी मोटार वापरली तर पश्चिम द्रुतगती महामार्गावर केवढा भार पडतो, याची कल्पना सहज येईल.

रस्ता आधी, रेल्वे नंतर

मुंबईचे विमानतळ शहरापासून तुटलेले कधीच नव्हते. पश्चिम रेल्वेची विलेपार्ले व अंधेरी ही स्थानके त्याच्या शेजारीच आहेत. चर्चगेट ते अंधेरी हे अंतर सुमारे २२ किलोमीटरचे. तथापि, उपनगरी गाडीच्या गर्दीत सामानसुमान घेऊन शिरणे सर्वांना शक्य होत नाही आणि स्थानकापासून टर्मिनलपर्यंत पुन्हा रिक्षा करावी लागते. त्यामुळे रेल्वे जवळ असूनही विमानप्रवासी तिच्यापासून दूरच राहिला.

२०१४ हे वर्ष या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वर्षी १२ फेब्रुवारीपासून नवे टर्मिनल-२ वापरात आले. त्याच सुमारास पश्चिम द्रुतगती महामार्गावरून थेट टर्मिनलपर्यंत नेणारा सहार उन्नत मार्गही खुला झाला. मोटारीने येणाऱ्यांची सोय अशा प्रकारे इमारतीबरोबरच झाली. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो धावू लागली. तिच्या एका स्थानकाला 'एअरपोर्ट रोड' असे नाव मिळाले, परंतु ते टर्मिनलच्या दारात नव्हते. सार्वजनिक वाहनाने थेट विमानतळावर उतरण्यासाठी प्रवाशाला आणखी दहा वर्षे थांबावे लागले.

भूमिगत मार्ग

ही उणीव 'मेट्रो-३' या भूमिगत मार्गाने भरून काढली. केंद्र आणि राज्य शासनाच्या समान भागीदारीतील मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने जपानच्या कर्जसाहाय्याने हा मार्ग उभारला. त्याची लांबी ३३.५ किलोमीटर असून एकूण २७ स्थानकांपैकी २६ भूमिगत आहेत. दाट वस्ती, जुन्या इमारती, मिठी नदीचे पात्र आणि खुद्द विमानतळाचा परिसर यांच्याखालून बोगदे खणावे लागले. आरे येथील कारशेडच्या जागेवरून निर्माण झालेला वाद आणि करोनाची साथ यांमुळे कामास विलंब झाला व खर्चही बराच वाढला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये तेथून वरळीतील आचार्य अत्रे चौक आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेड, अशा तीन टप्प्यांत हा मार्ग पूर्ण झाला. टर्मिनल-१, सहार रोड आणि टर्मिनल-२ ही तीन स्थानके विमानतळाच्या परिसरास जोडतात. तेथून दादर, मुंबई सेंट्रल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, चर्चगेट आणि विधान भवन या ठिकाणी गाडी न बदलता जाता येते. संपूर्ण मार्ग सुरू झाला त्यावेळी किमान भाडे १० रुपये व कमाल भाडे ७० रुपये होते.

दोन पद्धती

जगातील मोठ्या शहरांनी या कामी सामान्यतः दोन पद्धती अवलंबिल्या आहेत. शहराची नेहमीची रेल्वे विमानतळापर्यंत वाढविणे, ही पहिली. लंडनची भुयारी रेल्वे डिसेंबर १९७७ मध्ये हीथ्रो विमानतळापर्यंत पोहोचली, ती या पद्धतीने. केवळ विमानतळासाठी मोजक्या स्थानकांची जलद गाडी चालविणे, ही दुसरी. त्याच लंडनमध्ये १९९८ साली अशी स्वतंत्र जलद गाडी सुरू झाली. ती वेगवान आहे, पण तिचे भाडे पुष्कळ अधिक आहे.

दिल्लीने दुसरा मार्ग पत्करला. नवी दिल्ली स्थानक ते द्वारका सेक्टर-२१ ही २२.७ किलोमीटरची विमानतळ जलद मेट्रो २३ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू झाली. शहरातील स्थानकावरच सामान विमान कंपनीच्या स्वाधीन करण्याची सोय तिच्यात होती. परंतु बांधकामातील दोषांमुळे जुलै २०१२ मध्ये ती बंद ठेवावी लागली आणि जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी खाजगी कंपनीकडून तिचे संचालन दिल्ली मेट्रोने हाती घेतले. पुढे २०१४ व २०१५ मध्ये भाडे उतरविल्यावर प्रवाशांची संख्या वाढली. वेगाइतकेच भाडेही महत्त्वाचे असते, हा या अनुभवाचा बोध.

कोलकात्याचा अनुभव अधिक स्पष्ट आहे. तेथे २००६ मध्ये दमदम छावणीपासून विमानतळापर्यंत उपनगरी रेल्वेचा फाटा काढण्यात आला. गाड्या थोड्या असल्याने प्रवासी मिळाले नाहीत आणि २०१६ मध्ये हा फाटा बंद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे मेट्रो पोहोचली. केवळ रूळ टाकल्याने जोडमार्ग होत नाही. थोड्या थोड्या वेळाने गाडी मिळेल अशी खात्री असावी लागते.

प्रवासी कोण?

विमानतळाची वाहतूक म्हटली की बॅगा घेतलेला श्रीमंत प्रवासी नजरेसमोर येतो. वस्तुस्थिती तेवढीच नाही. विमानतळ हे हजारो लोकांचे रोजगाराचे ठिकाण असते. सामान उतरविणारे, सफाई कामगार, सुरक्षा रक्षक, उपाहारगृहांतील नोकर, मालवाहतूक कार्यालयांतील कारकून यांना तेथे रोज, पाळीपाळीने, जावे लागते. विमानाचा प्रवासी वर्षातून दोन-चार वेळा येईल. कामगार महिन्यातून पंचवीस दिवस येतो. वाटेत स्थानके असलेली, परवडणाऱ्या भाड्याची गाडी त्याला अधिक उपयोगी पडते. मेट्रो-३ ने मरोळ नाक्यावर पहिल्या मेट्रोशी सांधा जुळविल्याने घाटकोपर वा वर्सोव्याकडून येणाऱ्यांनाही तिचा लाभ घेता येतो.

उरलेले अंतर

तथापि, मार्ग पूर्ण झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. स्थानकाच्या फाटकापासून टर्मिनलच्या प्रवेशद्वारापर्यंतचे काही शे मीटर अंतर वृद्ध, अपंग अथवा कडेवर मूल असलेल्या स्त्रीला किती सुलभ वाटते, यावर अशा मार्गाचे यश ठरते. उद्वाहक, सरकते जिने, छपराखालची वाट आणि मराठी, हिंदी व इंग्रजीतील ठळक दिशाफलक या गोष्टी खर्चाच्या मानाने लहान, पण परिणामाने मोठ्या आहेत.

दुसरा प्रश्न रात्रीचा. रूळ व विद्युत यंत्रणा यांची देखभाल रात्री करावी लागत असल्याने मेट्रो चोवीस तास चालत नाही. विमाने मात्र मध्यरात्रीनंतरही उतरतात आणि कामगारांची पाळी तेव्हाही बदलते. या वेळेत निश्चित वेळापत्रकाची बस हीच खरी पूरक सेवा होय.

नागपूरच्या मेट्रोतही हाच विचार लागू पडतो. तेथील 'एअरपोर्ट' स्थानक वर्धा मार्गावर आहे, टर्मिनल आतल्या बाजूस आहे. मधले अंतर कापण्यासाठी गाडीच्या वेळांशी जुळणारी बस वा रिक्षा लागते.

नव्या विमानतळापुढील संधी

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला सुमारे २ कोटी प्रवाशांची सोय तेथे आहे. अटल सेतूमुळे दक्षिण मुंबईहून मोटारीने तेथे पोहोचणे सुकर झाले. उरण रेल्वेमार्गावरील तरघर हे स्थानक विमानतळाला जवळचे आहे. दोन्ही विमानतळांना जोडणाऱ्या मेट्रोचीही योजना आहे. ती साकार होईपर्यंत उरण मार्गावरील गाड्या आणि टर्मिनलपर्यंतची बस यांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळविणे हे तातडीचे काम ठरते.

पनवेल व उरण तालुक्यांतील ग्रामपंचायतींनाही यात वाटा आहे. आपल्या गावातील किती तरुण विमानतळावर कामास जातात, कोणत्या पाळीला जातात, बसथांबा कोठे हवा, ही माहिती परिवहन उपक्रमांपर्यंत ग्रामपंचायतच नेमकेपणाने पोहोचवू शकते. विमानतळासाठी ज्या गावांनी जमिनी दिल्या, त्या गावांतील माणसाला तेथील नोकरीवर वेळेत आणि परवडणाऱ्या भाड्यात पोहोचता आले, तर या जोडमार्गाचे सार्थक होईल.