किडनीचा रिपोर्ट, १.२१२ आणि रांगेत हरवलेली वर्षं

हेडफोन घरी राहिले असतील किंवा लोकलच्या गर्दीत काही ऐकू येत नसेल, तर हा घ्या या एपिसोडचा लिखित अवतार. मी जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, आकडे मात्र सगळे ठेवलेत.

सुरुवात झाली मामाच्या ब्लड रिपोर्टवरून. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली आणि खाली मेसेज: "तू कम्प्युटरवाला ना, मग हे ईजीएफआर काय ते बघ जरा." आता कम्प्युटरचा आणि किडनीचा काय संबंध? पण बघायला लागलो आणि कळलं की संबंध आहे. ईजीएफआर मशीन मोजत नाही, ते एक फॉर्म्युला काढतो. अमेरिकेत त्या फॉर्म्युल्यात दोन दशकं एक अशी ओळ होती, जी आज माझ्या कोड रिव्ह्यूमध्ये आली तर मी पहिला प्रश्न विचारेन: हे इथे का आहे?

आधी, ईजीएफआर म्हणजे काय?

किडनी म्हणजे रक्ताची गाळणी. ती मिनिटाला किती रक्तद्रव गाळते, त्याला म्हणतात जीएफआर. तो थेट मोजणं खर्चिक आणि वेळखाऊ असतं. म्हणून डॉक्टर अंदाज काढतात. स्नायूंमधून क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ रक्तात येत राहतो आणि किडनी तो बाहेर टाकते. गाळणी तुंबली की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. ते मोजायचं, त्यात वय आणि लिंग टाकायचं, आणि फॉर्म्युला एक आकडा देतो. हा अंदाज म्हणजेच ईजीएफआर. साठच्या वर असेल तर सहसा काळजी नसते. पंधराच्या खाली गेला की डायलिसिसची किंवा नवीन किडनीची वेळ जवळ आली.

ती एक ओळ

१९९९ मध्ये अमेरिकेत १,६२८ पेशंटच्या अभ्यासातून एक फॉर्म्युला निघाला. पुढे त्याचं जे रूप बहुतेक लॅबमध्ये वापरलं गेलं, त्याच्या शेवटी साध्या मराठीत असं होतं: पेशंट ब्लॅक असेल, तर उत्तराला १.२१२ ने गुणा. म्हणजे तेच वय, तेच क्रिएटिनिन, पण किडनी २१ टक्के जास्त चांगली! २००९ च्या नव्या फॉर्म्युल्यात हा गुणक १.१५९ झाला, पण ओळ राहिली. लॅबच्या रिपोर्टवर दोन आकडे छापून यायचे, एक आफ्रिकन अमेरिकन माणसासाठी आणि एक बाकीच्यांसाठी.

ही ओळ कुणी दुष्टपणे घातली नव्हती, हेही सांगायला हवं. त्या अभ्यासाच्या डेटात तसा फरक खरंच दिसला होता. कारण असं दिलं गेलं की ब्लॅक लोकांचे स्नायू जास्त असतात, म्हणून क्रिएटिनिनही जास्त. पण या कारणाचा पुरावा फारच तोकडा होता. आणि इंजिनिअर म्हणून मला खटकतं ते वेगळंच. स्नायू मोजायचे होते तर स्नायू मोजा ना! स्नायूंच्या जागी कातडीचा रंग का टाकायचा? शिवाय ते ठरवणार कोण? फॉर्मवर टिक करणारा पेशंट, की चेहरा बघून एन्ट्री करणारा क्लार्क? ज्याची आई गोरी आणि वडील ब्लॅक, त्याला कशाने गुणायचं?

गणित करून बघू

वय ५०, पुरुष, क्रिएटिनिन ३.५. फॉर्म्युला लावला तर उत्तर येतं साधारण १८.६. पेशंट ब्लॅक असेल तर १.२१२ ने गुणून २२.६.

चारचा फरक, त्यात काय एवढं? तर अमेरिकेत किडनी ट्रान्सप्लांटच्या यादीत तुमचा वेळ मोजायला सुरुवात होते ती ईजीएफआर २० किंवा त्याखाली गेल्यावर (किंवा डायलिसिस सुरू झाल्यावर). पहिला माणूस आज रांगेत लागला. दुसऱ्याला सांगितलं जातं, अजून वेळ आहे, नंतर या. किडनी कुणाला मिळणार यात रांगेत किती काळ उभे आहात याला मोठं वजन असतं. दोघांचं रक्त सारखंच आहे, हे विसरू नका.

आणि हे होत होतं कुणाच्या बाबतीत? अमेरिकेच्या लोकसंख्येत ब्लॅक लोक साधारण १३ टक्के, पण डायलिसिसवर असलेल्यांत जवळजवळ तीनातला एक. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच फॉर्म्युला म्हणत होता की तुम्ही बरे आहात.

प्रश्न कुणी विचारला?

इथे येतात या एपिसोडचे खरे नायक. डोरोथी रॉबर्ट्स या कायदा आणि समाजशास्त्राच्या ब्लॅक प्राध्यापक. वंश ही समाजाने केलेली वाटणी आहे, शरीराचं माप नाही, हे त्या कित्येक वर्षं मांडत आल्यात. २०१५ च्या टेड टॉकमध्ये त्यांनी नेमकं जीएफआरचंच उदाहरण दिलं होतं.

व्हेनेसा ग्रब्स या ब्लॅक किडनी डॉक्टर. त्यांनी स्वतःची किडनी आपल्या जोडीदाराला दिली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे ही रांग त्यांनी डॉक्टर म्हणूनही पाहिली आणि घरातूनही. हा गुणक काढून टाका, असं त्यांनी २०२० मध्ये किडनीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. त्याआधी २०१९ मध्ये न्वामाका एनेनिया या ब्लॅक किडनी डॉक्टरने सहकाऱ्यांसोबत त्याचे परिणाम मांडले होते. मेडिकलचे विद्यार्थीही वर्गात हात वर करून विचारत होते, सर, हे का? बॉस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलने २०१७ मध्येच हा गुणक काढला. २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने काढला.

नुसतं डिलीट करून चालतं का?

लेगसी कोडला हात लावलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की एक ओळ उडवली की दुसरीकडे काहीतरी फुटतं. इथेही तसंच होतं. नील पोव हे ज्येष्ठ ब्लॅक संशोधक. त्यांनी २०२० मध्ये सावध केलं की घाई नको. ईजीएफआर एकदम खाली आला तर काहींना किडनीचा आजार नसताना लेबल लागेल. काहींच्या औषधांचे डोस विनाकारण कमी होतील. काहींना किडनी दान करता येणार नाही. म्हणजे सगळे ब्लॅक विद्वान एका सुरात बोलत होते असं नाही. त्यांच्यातच वाद होता, आणि मला तो फार चांगला वाटला. दोन्ही बाजूंना काळजी त्याच पेशंटची होती.

मग किडनीच्या दोन मोठ्या अमेरिकन संस्थांनी टास्क फोर्स नेमला. त्याच्या दोन प्रमुखांपैकी एक नील पोवच! सप्टेंबर २०२१ मध्ये निकाल आला: वंश नसलेला नवीन फॉर्म्युला वापरा. आणि नक्की सांगायची गरज असेल तिथे सिस्टॅटिन-सी ही वेगळी रक्तचाचणीही करा, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. थोडक्यात, ओळ नुसती उडवली नाही, अख्खं फंक्शन परत लिहिलं.

पण आधीच रांगेत मागे राहिलेल्यांचं काय? जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतल्या ट्रान्सप्लांट केंद्रांना जुन्या नोंदी तपासून ब्लॅक पेशंटना गमावलेला वेळ परत द्यावा लागला. मार्च २०२४ पर्यंत १४ हजारांहून जास्त लोकांचा वेळ दुरुस्त झाला, सरासरी दोन वर्षांनी. डायलिसिसवर दोन वर्षं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कुणी आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलला जातं त्यांना विचारा.

हा वाद सव्वाशे वर्षांचा आहे

१८९६ मध्ये विमा कंपनीतल्या एका संख्याशास्त्रज्ञाने लिहिलं होतं की ब्लॅक लोक जास्त मरतात कारण त्यांचं शरीरच कमजोर. त्याच सुमारास डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस हा तरुण ब्लॅक समाजशास्त्रज्ञ फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून माहिती गोळा करत होता. १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठातून त्याने आरोग्यावर अख्खा अहवाल काढला. मुद्दा सरळ: मृत्यूदरातला फरक जातिवंत कमजोरीचा नाही, तो घर, पाणी, मजुरी, गरिबी यांचा आहे.

याच दुबॉइसना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची परिस्थिती किती सारखी आहे हे त्यात होतं, आणि संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती. दुबॉइसनी उत्तरही पाठवलं. जन्मावरून माणसाचं माप काढू नका, हे दोघांनाही कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि जीन्सचं काय?

व्हॉइस नोटवर हा प्रश्न हमखास येणार, म्हणून आधीच सांगतो. हो, एपीओएल-१ नावाच्या जीनची काही रूपं किडनीचा धोका वाढवतात आणि ती पश्चिम आफ्रिकी वंशावळीच्या लोकांत सापडतात. पण बहुतेक ब्लॅक अमेरिकनांकडे त्याच्या दोन धोकादायक प्रती नसतात, आणि असलेल्या सगळ्यांनाही आजार होत नाही. हवं तर जीन तपासा. रंग बघून जीनचा अंदाज लावणं म्हणजे पुन्हा तीच चूक.

मग मामाचं काय झालं?

मामाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, हा आकडा अंदाज आहे आणि तो मुळात आपल्यासारख्या लोकांवर बेतलेला नाही. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष जीएफआर मोजून दाखवलंय की हे फॉर्म्युले भारतीयांमध्ये किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतात. आपल्याकडे स्नायू कमी, मांसाहार कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. दोन, एका रिपोर्टवरून आजार ठरत नाही. तीन महिन्यांत परत तपासायचं, लघवीतलं प्रोटीन बघायचं, आणि हे सगळं भाच्याला नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

मामा म्हणाला, "मग तुला कशाला विचारलं?" बरोबर आहे म्हणा.

पण तुम्ही कोड लिहीत असाल तर एवढं करा. पुढच्या वेळी एखाद्या फॉर्म्युल्यात माणसाचा गट दिसला, धर्म असो, जात असो की पिनकोड, तर थांबा आणि विचारा: याच्या मागे नक्की काय मोजायचंय? ते थेट मोजता येतं का? आणि उत्तर चुकलं तर रांगेत मागे कोण राहणार?

तुमच्या घरातल्या रिपोर्टवर ईजीएफआर आहे का? बघा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत पाणी प्या, काळजी घ्या!