लक्ष्मी रस्ता ओलांडायचा कसा?

11 डिसेंबर 2021 रोजी पुणे महापालिकेनं पादचारी दिन पाळला. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा त्या दिवशी वाहनांना बंद होता. पण एक दिवस रस्ता बंद ठेवणं पुण्याला नवं नाही; अनंत चतुर्दशीला आपण तो हौसेनं बंद ठेवतोच. अवघड आहेत ते उरलेले दिवस.

सुधारणेची चर्चा नेहमी फुटपाथच्या रुंदीपाशी अडकते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार बाजारपेठेत अडीच मीटर तरी मोकळा फुटपाथ हवा. साड्या नेसलेले पुतळे, डीपी आणि खांब वगळले की पेठेत त्यातलं काय हाती लागतं, हे टेप धरून पाहावं. तरीही मला आधी चौक सुधारावेत असं वाटतं. फुटपाथवर माणूस वैतागतो. जिवावर बेततं ते रस्ता ओलांडताना.

सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. म्हणजे 12 मीटरच्या रस्त्याला 10 सेकंद. कोपऱ्यावर दोन्हीकडचा फुटपाथ दोन-दोन मीटर पुढे काढला, तर उरतात 8 मीटर आणि सातहून कमी सेकंद. शिवाय कोपऱ्यावर गाडी लावायला जागाच राहत नाही, त्यामुळे वळणारा चालक आणि ओलांडणारा माणूस एकमेकांना दिसतात. क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला आणलं, तर आजींना पायरी उतरावी लागत नाही आणि चढ आल्यानं गाडी आपसूक हळू होते, चौकात पोलीस नसला तरी. (रस्ता एकेरी असला तरी जाणता पुणेकर दोन्हीकडे बघूनच पाऊल टाकतो, उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाकीला नियम कोण सांगणार?)

बसचं दुखणंही तसंच. थांब्यासमोर रिक्षा आणि दुचाक्या उभ्या, म्हणून बस मधोमध थांबते. उतरणारा प्रवासी आणि डावीकडून घुसणारा स्कूटरवाला एकाच फटीत सापडतात. इथेही फुटपाथ बसच्या दारापर्यंत न्यायचा. मागच्या गाड्या क्षणभर खोळंबतील. खोळंबू देत.

न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर ऑक्टोबर 2019 पासून दिवसा बस आणि ट्रक सरळ जातात. खासगी गाडीला आत येऊन माणसं सोडता येतात, सामान उतरवता येतं, पण आरपार जाता येत नाही. लक्ष्मी रस्त्याला हाच तोडगा मानवेल. इथल्या गर्दीत नुसते वाट काढून पुढे जाणारेही असतात, आणि त्यांचा दुकानदाराला काडीचा उपयोग नाही.

‘पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं’ ही भीती मात्र खोटी म्हणून उडवून लावू नये. मालाच्या टेम्पोला सकाळची ठरावीक वेळ द्यावीच लागेल. पण सप्टेंबर 2024 पासून मंडई आणि कसबा पेठेत मेट्रो थांबते. तिथून येणारं गिऱ्हाईक गाडी घेऊन येत नाही. त्याच्या वाटेवरचा एक चौक आधी नीट करून दाखवला, तर पुढच्या चौकातले व्यापारी स्वतःहून मागणी करतील, असा माझा होरा आहे.