कुलपांचा अभ्यास आणि परवानगीचा प्रश्न

खनिजे आणि पोलाद ही राष्ट्राची गरज असताना, १९५६ मध्ये रायपूरला खाण व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय स्थापन झाले. आज एनआयटी असलेल्या या संस्थेत संगणकशास्त्रही शिकवले जाते. २०१५ मध्ये राज्य शासन आणि एनटीपीसी यांच्या सहकार्यातून नवा रायपूर येथे ट्रिपल आयटी सुरू झाली. वीजकेंद्रे, बँका, रुग्णालये संगणकावर विसंबली असताना त्यांचे रक्षण करणारे पदवीधर ही आजची तशीच गरज आहे.

मात्र या अभ्यासात एक पेच आहे. कुलूप कसे उघडते हे जाणल्याखेरीज ते मजबूत करता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकप्रणालीत शिरणारा भरपाई देण्यास जबाबदार ठरतो. हेतू अप्रामाणिक असल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. हे बंधन अनाठायी नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामने हजारो संगणक ठप्प केले होते.

म्हणून विद्यापीठांनी बाह्य जाळ्यापासून अलग प्रयोगशाळा उभाराव्यात. शासकीय खात्यांनी लेखी परवानगी देऊन आपल्या प्रणाली विद्यार्थ्यांकडून, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तपासून घ्याव्यात. आणि सद्भावनेने दोष कळवणाऱ्यास कायद्याने स्पष्ट संरक्षण द्यावे. एरवी हे शिक्षण पाठ्यपुस्तकापुरतेच उरेल.