काळ्या कातळाच्या पोटातले हिरवे स्फटिक

कोपरगाव भागात विहीर खोदायला घेतली की यारीवाल्याचे आणि मालकाचे लक्ष पाण्याकडे असते, माझे ढिगाऱ्याकडे. काळ्या दगडात पांढरी शीर किंवा चमचमणारी पोकळी दिसली की माझा पाय तिथून निघत नाही. घरच्यांनी आता हे स्वीकारले आहे.

भूशास्त्र थोडक्यात आटपतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले. ते निवताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, भेगाही पडल्या. पुढे गरम पाणी त्यांतून झिरपत राहिले. त्याने खडकातले कॅल्शियम, सिलिका, ॲल्युमिनियम विरघळवून घेतले आणि निवता निवता पोकळ्यांच्या भिंतींवर खनिजांच्या रूपाने बसवले. तापमान साधारण 200 अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट, शिवाय कॅल्साइट आणि गारगोटी, सगळी याच पाण्याची करणी.

पण माझा जीव जडला आहे तो ॲपोफिलाइटवर. व्यापारी त्याला सर्रास झिओलाइटांत बसवतात. तो झिओलाइट नव्हे. झिओलाइटच्या घडणीत ॲल्युमिनियम असते, ॲपोफिलाइट पोटॅशियम आणि कॅल्शियमचे पाणी धरून ठेवणारे सिलिकेट. स्फटिक बहुधा चौकोनी, माथ्याला मोत्यासारखी झळाळी. कोपरगावहून नगर-मनमाड रस्त्याने दक्षिणेला उतरले की राहुरी लागते. तिथल्या मोमीन आखाड्यात 2001 च्या सुमारास विहीर खोदताना फिकट हिरव्या ॲपोफिलाइटचे गोलाकार झुबके निघाले. स्फटिक केंद्रातून चहूबाजूंनी वाढलेले, त्यामुळे गोळा जरा फिरवला की एकेक पैलू लखलखतो. जगभरच्या बाजारात त्यांना ‘डिस्को बॉल’ म्हणतात. इतक्या देखण्या वस्तूला इतके उथळ नाव! पण आता तेच रूढ झाले आहे.

हा हिरवा रंग व्हॅनेडियमचा. याच मूलद्रव्याने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत निळाधमक कॅव्हनसाइट घडवला. त्या खनिजाची पहिली नोंद 1973 मध्ये झाली ती अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून. जगातले सर्वोत्तम नमुने मात्र वाघोलीचे. पुणे-नगर रस्त्याच्या खडीखाणींनी एवढे वैभव दिले, आणि आपल्याकडे त्यांची ओळख ‘खडी मिळते’ एवढीच!

ज्यांना ढिगारे धुंडाळायचे नसतील त्यांनी सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतले ‘गारगोटी’ संग्रहालय पाहावे. शिर्डीला येणारे हजारो लोक त्याच्याजवळून जातात. त्यांतले फार थोडे आत डोकावतात. मी कितीदा गेलो हे मोजणे सोडून दिले आहे. स्टिल्बाइटच्या फिकट गुलाबी पेंढ्यांसमोर उभे राहिले की दुपार कधी सरली ते कळत नाही.

विहीर खोदणाऱ्यांना एक विनंती. पोकळी लागली तर पुढचा सुरुंग उडवण्याआधी आत पाहा. सापडलेला नमुना ॲसिडने धुऊ नका, झिओलाइट आणि ॲपोफिलाइट दोन्ही त्याने बिघडतात. तापवूही नका, पाणी उडून स्फटिक तडकतो. कागदात गुंडाळा आणि सोबत चिठ्ठी ठेवा: गाव कोणते, विहीर कुठली, किती फुटांवर मिळाला. ठिकाण माहीत नसलेला नमुना शोकेसमध्ये शोभतो, अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.